मनुआजींची दुसरी कमळ

ती. किशोरीवहिनींस,

नागावहून कमळचा नमस्कार. तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? दादा मीठ कमी खातो का, की तुमची पाठ वळली की लोणच्याची बरणी उघडतो? इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

गेल्या आठवड्यात आमच्या वृद्धाश्रमात दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. विषय डिमेन्शिया, म्हणजे विसरत जाण्याचा आजार. (तो नुसता म्हातारपणाचा विसराळूपणा नव्हे, हे वहीत लिहूनही घ्यायला लावलं.) मी इथे अकरा वर्षं माणसांना आंघोळी घालते, भरवते, आणि मला शिकवायला पनवेलहून बाई आल्या. म्हाताऱ्या माणसाला कसं वाटतं ते कळावं म्हणून त्यांनी आम्हाला जाड हातमोजे घालायला दिले, चष्म्यांना व्हॅसलिन फासलं आणि सदऱ्याची बटणं लावायला सांगितली. माझं एकही लागलं नाही. नेत्राची चार लागली. ही नेत्रा म्हणजे मुरुडची पोर, बावीस वर्षांची, कामाला लागून चार महिने झालेत. बाईंनी प्रश्न विचारायचा अवकाश, हिचा हात वर. आजारी माणूस भलतंच बोललं तरी त्याला खोडून काढायचं नाही, त्याच्या मनातली भीती ओळखायची, हे तिने इतकं नीट सांगितलं की बाईंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हळू.

पण वहिनी, खरं दुखणं ते नाही. उरणकडच्या मिठागरवाल्या मनुआजींबद्दल मी तुम्हाला सांगते ना नेहमी, त्या सहा वर्षं फक्त माझ्या हातून जेवल्या. गेल्या महिन्यापासून त्या मला ओळखत नाहीत. तेही मी सोसलं असतं. पण त्या नेत्राला 'कमळ' म्हणून हाक मारतात. आणि ती ओ देते, कारण खोडून काढायचं नाही.

ट्रेनिंग संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आंघोळ सोडून दाराशी उभ्या. "भरती आली गो, बांध फुटंल, मीठ जाईल." नेत्रा म्हणाली, "चला आजी, बांध बघून येऊ." आजींनी लगेच तिचा हात धरला. मी शेजारीच उभी होते, माझा नाही धरला. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आजी, मिठागर विकून वीस वर्षं झाली."

त्यांचा चेहरा असा पडला, जणू त्याच सकाळी विकलं. "मला कोनी इचारलं न्हाय," म्हणत तासभर रडल्या. नेत्रा त्यांना थोपटत बसली. मला बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

दुपारी मी खाली मान घालून ताट घेऊन गेले. आजींनी विचारलं, "तू कोनाची?" सहा वर्षं गिळून मी म्हटलं, "मी नवीन आहे." तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं आणि हळूच सांगितलं, "कमळकडून शीक. भात कालवते, पन आधी ऊन हाय का बघते. कधी तोंड भाजलं न्हाय माझं."

माझं कौतुक, माझ्याच तोंडावर, आणि मला म्हणता येईना की ती मीच. नेत्रा दारात उभी होती. म्हणाली, "मावशी, मी त्यांना भात कालवून दिलाच नाही कधी. ते तुम्हीच." मी म्हटलं, "ठाऊक आहे." मग मी तिला भात कालवायला शिकवला. तिने फार पातळ केला. मला जरा बरं वाटलं.

दादाला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची नणंद,
(खरी) कमळ

ता. क. नेत्राचं अजून कुठे ठरलेलं नाही. तुमच्या हितेशसाठी तिला बघायला या, लेकाचं वय झालंच आहे. मुलगी गुणी आहे, आणि लग्नानंतर ती इथून जाऊन तुमच्याकडे माणगावात राहील. पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. २ पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरंच झालं. आज आजींनी नेत्रालाही ओळखलं नाही. पोर जिन्यात बसून रडली. मी शेजारी बसले, आणि मला मुळीच बरं वाटलं नाही. हितेशचं तूर्त थांबवा, ती मला इथे हवी आहे. आजी आता आमच्या वॉचमनला, भिकूला, 'कमळ' म्हणतात. मिशीसकट. तोही ओ देतो. त्याचं लग्न झालेलं आहे, तेव्हा त्याला कुठे धाडायचं ते कळवा.