दिवाळसणाचे तेल

१८ ऑक्टोबर १९४५, नगर
इंदूला कालच्या मोटारीने कोल्हारला माहेरी पाठवले. लग्नानंतरची पहिली दिवाळी, मलाही दिवाळसणाला जायचे आहे. म्हणजे चतुर्दशीला पहाटे पाटावर उघडे बसवून सगळ्यांसमक्ष अंगाला तेल लावणार. सासूबाई, शेजारणी, पोरेसोरे, सगळी बघणार. आणि माझे अंग हे असे! थंडी पडली की नडगीवर नखाने सही करता येते. पाठीला तर खवले. इंदूला यातले काहीही माहीत नाही. लग्न झाल्यापासून बनियन काढलेला नाही, वैशाखातसुद्धा. मला सर्दीचा त्रास आहे असे ती समजते.
निश्चय: दिवाळीच्या आत अंग लोण्यासारखे करायचे. मनावर घेतले की मी काहीही करतो.

१९ ऑक्टोबर
खोबरेल आणले. सकाळी बाटलीत गोठलेले. चमच्याच्या दांड्याने कोरून तसेच चोळले. कचेरीत हेडक्लार्क नृसिंहरावांनी एक अर्ज उजेडाकडे धरला आणि विचारले, यावर पापड ठेवला होता काय? सगळे हसले. मीही हसलो. मान वर करायची सोय राहिली नाही.
खोबरेल माझ्या प्रकृतीचे नाही.

२२ ऑक्टोबर
छगन तेल्याकडे गेलो. म्हणाला, करडीचं न्या साहेब, घाण्याचं हाय, लई मऊ पडतंय अंग, आमी त्येच लावतो. पण लावून पुसा बरं का, म्हणाला. पुसायचे तर लावायचे कशाला? दुपारी नृसिंहराव नाक वर करून विचारू लागले, आज भजी कुणी आणलीत? मीही इकडेतिकडे शोधल्यासारखे केले.

२५ ऑक्टोबर
देशी उपाय बंद. आता शास्त्रीय मार्ग. ग्लिसरीन. गुलाबपाण्यात मिसळून लावा असे केमिस्ट म्हणाला. पाणी घालून औषधाचा जोर कशाला मारायचा? निखळ लावले आणि धोतर नेसून कापडबाजारात चक्कर मारून आलो.
रात्री: नगरची सगळी धूळ पोटऱ्यांवर. गिलावाच झाला होता. घासून काढताना साल निघाली. अंग आता कोरडे नाही, लाल आहे. ही प्रगतीच.

२९ ऑक्टोबर
तोंडाला लावायच्या स्नोची डबी घेतली. बायकोसाठी, असे दुकानदाराला न विचारता सांगितले. चेहऱ्याला आणि एका दंडाला पुरली. दंड छान दिसतो. त्याच्याशेजारी दुसरा होता त्यापेक्षा वाईट दिसतो.

१ नोव्हेंबर, कोल्हार
कोळशावरच्या मोटारीने आलो, वरून राखेचा थर. सासरेबुवा यज्ञेश्वरपंत फाट्यावर स्वतः न्यायला आले होते. शाळामास्तर माणूस, पगार बेताचा, पण हौस केवढी! माझी पिशवीसुद्धा मला धरू दिली नाही. लढाईने सगळे महाग झालेले, तरी राहुरीहून सुगंधी तेल मागवले आहे म्हणे.
योजना पक्की. सर्दीचे निमित्त सांगायचे आणि सदरा काढायचा नाही. सोपे आहे.

३ नोव्हेंबर, चतुर्दशी, दुपार
सोपे नव्हते. पाटाभोवती रांगोळी, समया, बायकांची ही गर्दी. इंदू वाटी घेऊन उभी. सर्दीचे वाक्य तोंडातून निघालेच नाही. मला तेल नको, एवढेच म्हणालो आणि आत जाऊन बसलो.
बाहेर कुणीतरी खुसखुसले, जावईबापू रुसले! दिवाळसणाला जावयाने रुसायचे आणि सासऱ्याने काहीतरी देऊन त्याला उठवायचे, ही रीत मला ठाऊक का नव्हती? होती. सुचली नाही.
यज्ञेश्वरपंत हसत आत आले. काय मनात आहे ते मोकळेपणी बोला, म्हणाले. जरीकाठी उपरणे आणले. मी खाली बघत बसलो. त्यांचे फाउंटनपेन आले. मी तसाच. त्यांचे हसू हळूहळू आटले. मग ते स्वतःच्या बोटातली अंगठी काढू लागले. निघेना. सासूबाईंनी माझ्यासाठीचे सुगंधी तेल आणून त्यांच्या बोटाला लावले, तेव्हा निघाली.
नको म्हटले तर कारण सांगावे लागले असते. मी हात पुढे केला.
मग पाटावर बसणे आले आणि सदराही काढावाच लागला. समयांच्या उजेडात सगळी पाठ उघडी. कुणी बघितलेसुद्धा नाही. सगळे यज्ञेश्वरपंतांच्या बोटाकडे बघत होते. इंदूने माझ्याकडे न बघता तेल लावले.

४ नोव्हेंबर
इंदूला मागच्या दारी गाठून खरे सांगितले. ती म्हणाली, पाठीचं मला लग्न झाल्यापासून माहीत आहे, तुम्ही झोपलात की बनियन वर सरकतो. त्यात लपवायचं काय? पण बाबा अंगठी ओढत होते तेव्हा तुमचं तोंड का नाही उघडलं?
इतकी लाज मला कातडीची कधी वाटली नव्हती.
तडक जाऊन अंगठी यज्ञेश्वरपंतांपुढे धरली. ते घाबरे झाले. हळूच विचारले, कमी वाटली का जावईबापू?
अंगठी पुन्हा माझ्याच बोटात घातली.

५ नोव्हेंबर, पाडवा
पाडव्याला नवऱ्याला तेल लावण्याचा मान बायकोचा. मी पहाटेच सदरा काढून पाटावर जाऊन बसलो, कुणी न सांगता. इंदू आली. वाटी खाली ठेवली. तुमचं तुम्ही लावून घ्या, म्हणाली आणि आत गेली.
लावले. पाठीला हात पोचत नाही.