साखळीवरची चिंधी

४ जानेवारी

चि. धाकट्यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर धरल्याचं कळलं. पंचवीस वर्षं बस चालवून टिकलेली कंबर रिटायर झाल्यावर तंबूच्या पेटीनं घालवलीस, कमाल आहे. एका पेटीत तंबू, लोखंडी खांब, शेगडी, पाण्याची टाकी! माणूस रानात चार दिवस राहायला जातो की बिऱ्हाड हलवतो? आणि आता म्हणे जीपवर घरीच क्रेन बसवणार.

बसव. तुझ्या दाजींची चेनपुली पाठवतेय. गॅरेजात यावरच ते इंजिनं उचलायचे. ते गेल्यापासून कोपऱ्यात पडून होती. सोडा घालून कढत पाण्यात टाकली, कडी न् कडी घासली. मधेच एक तेलकट चिंधी गच्च बांधलेली होती, ती कात्रीनं कापून टाकली. आता इतकी चकचकीत झालीय की भावजयबाई गळ्यात घालायला मागेल. देऊ नकोस.

माया कमी करू नकोस.
अक्का

१५ जानेवारी

ती. अक्कास धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

पुली पोचली. जुन्या पाइपाचा खांब जीपच्या मागं वेल्डिंग करून उभा केला, वर फिरता हात लावला. ओट्यावरून वाळूची तीन पोती अलगद उचलून गाडीत ठेवली. शेजारी बघायला जमले होते.

चोवीसला निघतो. तिथं गाडी वर रस्त्यावर राहते आणि तंबू खाली ओढ्याकाठी. साखळी पूर्ण सोडली की पेटी थेट खाली. मी वरून साखळी ओढणार. पेटी दरडीवर आपटू नये म्हणून ही खाली उभी राहून सांभाळणार. हमाल नको की काही नको.

लोभ आहेच, तो राहावा.
धाकटा

२० जानेवारी

धाकट्या, आशीर्वाद नंतर, आधी हे वाच.

आज दाजींच्या गॅरेजातले जुने मिस्त्री आले होते. पुली कुठाय विचारलं. घासूनपुसून भावाला दिली, असं मी तोऱ्यात सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चिंधी कुठाय?"

तिथली एक कडी चिरलीय रे. दाजींनी खूण बांधली होती, साखळी त्या चिंधीपर्यंतच सोडायची, पुढं नाही. ओट्यावरून उचललंस तेव्हा साखळी थोडीच सुटली, त्या कडीवर भार आलाच नाही. दरडीवर पूर्ण सोडलीस की सगळं ओझं तिच्यावर. आणि खाली कोण उभी राहणार आहे?

मला ती घाण वाटली. त्यांची प्रत्येक चिंधी मला घाणच वाटायची.

वाण्याकडून फोन लावला, तुमच्याकडची लाइन बंद. पत्र आत्ता टपालात टाकतेय. साखळी सोडू नकोस. पाया पडते.
अक्का

३० जानेवारी

ती. अक्कास सा. न.

तुझे पत्र तेवीस तारखेलाच मिळाले. पुली काढून ठेवली. पेटी दोन हमालांनी नेली आणि आणली. सहल छान झाली. ही मजेत आहे. काळजी नसावी.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

२ फेब्रुवारी

चि. सौ. भावजयबाईस आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं. शाळा बुडवली की बाबांच्या नावानं मास्तरांना चिठ्ठी लिहायचा, ती अशीच. खरं लिहिताना त्याच्या ओळी कोंबडी पळाल्यासारख्या असतात, आणि आज्ञाधारक तर तो जन्मात नव्हता.

तेव्हा तू सांग. आधी तुझे हातपाय जागेवर आहेत का ते लिही, मग बाकीचं. रागवणार नाही, रागवायला माझं तोंड कुठाय? पोस्टमन दिसला की मी आत जाऊन बसते.

लोभ ठेवशील का, हेही लिही.
अक्का

६ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

हातपाय जागेवर आहेत. तुमचं पत्र अठ्ठावीसला मिळालं, आम्ही परत आल्यावर.

जाताना, येताना आणि मधे एकदा जागा बदलली म्हणून, पेटी चार वेळा खालीवर झाली. चारही वेळा मी खाली होते. शेवटी ती दरडीत अडकली, तर मी डोकं आणि खांदा लावून ढकलली.

पत्र वाचून यांनी साखळी अंगणात पसरली. त्या कडीच्या चिरेत माझं नख गेलं. यांनी साखळी गुंडाळून माळ्यावर टाकली. अक्काला कळलं तर ती जन्मभर स्वतःला बोल लावेल, म्हणून सांगू नकोस म्हणाले. आठवडाभर मीही गप्प होते.

पण मी घाबरले की हे जेवत नाहीत. त्यांच्यासमोर हसतखेळत राहून थकले, वन्सं. कुणाजवळ तरी मनसोक्त घाबरायचंय.

रविवारच्या बसनं येते. लोभ आहे, म्हणूनच येते. माझं अंथरूण तुमच्याशेजारी घाला.

तुमची भावजय