अवलंबून होतात का?

३ मार्च, सोमवार

पोस्टातून जाडजूड पाकीट आलं. दादाच्या पेन्शन फंडाकडून. दादाला जाऊन नऊ आठवडे झाले, आता जाग आली यांना!

सरकारी मराठी मला झेपत नाही, म्हणून वरचीला हाक मारली. वरची म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारी शेजारीण. टेलिफोन ऑपरेटर होती. निवृत्त झाली, पण तोंड अजून ड्यूटीवर आहे. तिनं वाचून समजावलं ते असं — नोकरीत असताना माणूस गेला की फंडातली रक्कम घरच्यांत वाटतात. दादानं कधीकाळी कागदावर वहिनीचं नाव घातलं होतं. पण नुसत्या नावावर भागत नाही म्हणे! त्याच्या कमाईवर खरोखर कोण कोण जगत होतं ते फंडाचं मंडळ शोधणार, आणि मग कुणाला किती ते ठरवणार. चौकशीला माणूस येईल. सोबत फॉर्म. रकाना सातवा — 'आपण मयतावर अवलंबून होतात का? असल्यास किती वर्षे?'

मयत! सकाळी तीनदा चहा मागणाऱ्या माणसाला मयत म्हणतात. फॉर्म उपडा ठेवला.

६ मार्च, गुरुवार

चौकशीचे गृहस्थ आले. नाव सांगितलं, मी विसरले. प्रत्येक कागदाला टाचणी लावतात, म्हणून माझ्यापुरते ते टाचणीवाले. माणूस सरळ आहे. बूट बाहेर काढले, दोन्ही खोल्या पाहिल्या, पाणी प्यायले.

"ताई, भाऊ तुम्हाला काय द्यायचे?"

"वैताग!"

हसले नाहीत. लिहून घेतात की काय असं वाटलं, म्हणून नीट सांगितलं. भाडं निम्मं-निम्मं. भाजी-किराणा त्याचा, वीज-गॅस माझा. आणि माझी कमाई ही — खिडकीतलं मशीन दाखवलं. मी काम करायचे तो कपड्यांचा कारखाना अकरा वर्षांपूर्वी बंद पडला. पण महिनाभरात दादाच्या लिफ्ट कंपनीचं काम मिळालं. दर महिन्याच्या सहा तारखेला एक डझन बॉयलर सूट, म्हणजे मेकॅनिक लोकांचे गळ्यापासून पायापर्यंतचे सलग कपडे, दुरुस्तीला. गुडघे फाटलेले, खिसे लोंबणारे. पाकिटातून रोख मजुरी, कधी एक दिवस उशीर नाही. दादा फक्त न्यायचा-आणायचा. हमाल!

(काय एकेक सूट असायचे! सगळे एकाच मापाचे. मी दादाला म्हणायचे, तुमची कंपनी काय जुळी माणसंच भरती करते? आणि फाटणं तरी कसं, कात्रीनं कापल्यासारखं सरळ! दादा म्हणायचा, "लिफ्टच्या पत्र्याला धार असते गं.")

"मग सातव्या रकान्यात काय लिहायचं?" टाचणीवाल्यांनी विचारलं.

पेन त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं. नाही. चांगलं ठसठशीत! वर सांगितलं, "उलट तोच माझ्यावर अवलंबून होता. त्याला धड चहा करता यायचा नाही."

जाताना त्यांच्या टाचण्या संपल्या होत्या. माझ्या डबीतल्या दिल्या.

७ मार्च, शुक्रवार

वरचीला अभिमानानं सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलास!"

"खरं तेच लिहिलं."

"खरं घाल चुलीत! भाडं कुठून भरणार आहेस?"

हे मात्र लागलं. जानेवारीपासून बॉयलर सूट आलेले नाहीत. दादाचं निम्मं भाडंही आता माझ्याच डोक्यावर. आणि परवा घरमालक जिन्यात गोड आवाजात सांगून गेला — जूनपासून भाडं वाढेल, जमत नसेल तर दोन्ही खोल्या मोकळ्या करा. कुठे जाऊ? बावन्नाव्या वर्षी नवी खिडकी कुठे शोधू? मशीनवर सकाळी जसा उजेड पडतो तसा दुसरीकडे पडेलच असं नाही. भीती वाटते. इथे लिहिते, बोलणार कुणाशी नाही.

वरचीला तर नाहीच. ती शहाणपण शिकवणार! माझी लहान कात्री, निळा दोरा गुंडाळलेली, नऊ वर्षांपूर्वी हिनंच पळवली. दर वेळी दिवाळखोरासारखी हात वर करते — "मी नाही घेतली." मग काय कात्रीला पाय फुटले?

११ मार्च, मंगळवार

लिफ्ट कंपनीत फोन केला. म्हटलं, अकरा वर्षांचं काम असं न सांगता तोडता का? फोनवरच्या मुलीनं बराच वेळ कागद चाळले. "बाई, बॉयलर सूट दुरुस्तीचं आमच्याकडे काही दिसत नाही."

दिसणार कसं! दादा गेला, लगेच काम कुणाच्या तरी मेव्हणीला दिलं असणार. आणि वर किती साळसूद! फोन आपटला. आपटताना जपून, नवा घ्यायला पैसे नाहीत.

१५ मार्च, शनिवार

वहिनी आली! भाचीला घेऊन. अकरा वर्षांत ही बाई दुसऱ्यांदा माझ्या दारात. पहिल्यांदा आली ती दादाला पोचवायला, तेव्हा दोघी एकमेकींकडे न बघता रडलो.

कारखाना बंद पडला त्याच वर्षी वहिनीला दुसऱ्या गावी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी लागली. दादा म्हणाला, मी येत नाही. ती आठ वर्षांच्या पोरीला घेऊन गेली. घटस्फोट नाही, भांडण नाही, नुसतं अंतर. भाची सुटीत यायची. आता एकोणीस वर्षांची झाली, नर्सिंग शिकते, दादासारखी खाली मान घालून हसते.

चहा झाला. कुणी विषय काढेना. शेवटी मीच विचारलं, "तुमच्याकडे आले होते का टाचणीवाले?"

"आले होते. मी लिहिलं, नाही."

"काय नाही?"

"अवलंबून नाही. माझी गाडी मी चालवते, वन्सं. दुसऱ्यांनाही शिकवते."

मी हसले. मग तीही हसली. दोघींचं हसणं थांबेना! एका माणसावर दोन बायका, आणि अवलंबून एकही नाही! टाचणीवाले तिला म्हणाले होते, "वीस वर्षं हे काम करतोय, असा मयत पहिल्यांदा पाहिला."

भाचीनं मात्र सरळ 'हो' लिहिलंय. "बाबा माझी फी भरायचे. त्यात लाजायचं काय?" पोर आमच्या दोघींपेक्षा शहाणी. वर म्हणते, "आत्या, सगळं मला मिळालं तर तुझं भाडं मी भरीन." मी म्हटलं, आधी तुझं शिक्षण पुरं कर, मग आत्याला पोस. असं म्हटलं खरं, पण मशीनकडे बघवेना.

निघताना वहिनी दारात थांबली. "वन्सं, तुमचे दादा माझ्याबरोबर का आले नाहीत, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माझ्या हातच्या जेवणासाठी," मी म्हटलं. "दुसरं काय!"

तिनं माझ्याकडे बघितलं. "हो. तेच असेल." आणि चपला घातल्या.

१९ मार्च, बुधवार

आजचं काम — दोन चेन, एक उशीचा अभ्रा. अभ्रा माझाच.

२४ मार्च, सोमवार

टाचणीवाले परत आले. दारातच अवघडले. म्हटलं, बोला, मी काही कच्च्या काळजाची नाही. तर म्हणाले, दादाच्या बँकेचे कागद तपासले. दर महिन्याच्या पाच तारखेला ठरावीक रोख रक्कम काढलेली. एक महिना चुकलेला नाही. "ती कुणाला जायची, ताई? अजून कुणी अवलंबून असेल तर मंडळाला शोधावंच लागतं. सगळ्यांचा विचार झाल्याशिवाय वाटप होत नाही."

मी थक्क. दादा? आमचा दादा? विडी नाही, पत्ते नाहीत, रविवारी रेडिओ लावून मोजे वाळत घालणारा माणूस!

"कधीपासून?" विचारलं.

"अकरा वर्षं."

बाई असणार. दुसरं काय असतं! वहिनी गेली आणि यानं... एवढा वेळ त्याला कुठे मिळाला?

२५ मार्च, मंगळवार

वहिनीला फोन केला. अर्धा तास! अकरा वर्षांचं बोलणं एका फोनमध्ये. दोघी मिळून त्या बाईवर तुटून पडलो. मी म्हटलं, नटवी असणार. वहिनी म्हणाली, विधवा असेल, त्यांना दया लवकर यायची. मी म्हटलं, दया? मला एक साधी छत्री घेऊन दिली नाही कधी! घरी रात्री आठला हजर, मग भेटायचा कधी? लिफ्टमध्ये?

वहिनी हसून हसून खोकली. मग म्हणाली, "पण वन्सं, असेल कुणी तर तिलाही मिळू दे. तिचंही घर चालायचं असेल."

मला नाही एवढं मोठं मन. माझं घर जायची वेळ आली आहे आणि दादा कुठल्या तरी सटवीला दरमहा पाकीट पोचवत होता! ताट वाढून समोर ठेवलं मी, रात्री पाय चेपून दिले तापात, आणि मला यातलं अवाक्षर नाही. राग येतो. त्याहून जास्त वाईट वाटतं. मला सांगायला काय झालं होतं?

३१ मार्च, सोमवार

लिफ्ट कंपनीनं दादाच्या कपाटातलं सामान पाठवलं. मोठं खोकं, दोरीनं बांधलेलं. टाचणीवाल्यांनी फोनवर सांगितलं, "बघा ताई, त्या व्यक्तीचा पत्ता-बित्ता सापडतो का."

वरची म्हणाली, उघड. मी म्हटलं, उद्या. सटवीचा फोटो निघाला तर आजची भाकरी गळ्याखाली उतरायची नाही.

२ एप्रिल, बुधवार

उघडलं. बारा बॉयलर सूट. सगळे दादाच्या मापाचे, धुतलेले, माझ्या अकरा वर्षांच्या टाक्यांनी भरलेले. सातांचे गुडघे नव्यानं कापलेले. पाच कापायचे राहिलेले. खाली कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा. आणि माझी लहान कात्री, निळा दोरा अजून तसाच.

खूप रडले. मग वर जाऊन वरचीची माफी मागितली.

वहिनीला फोन केला. म्हटलं, "ती बाई सापडली." पुढचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, जेवलात का?"

टाचणीवाल्यांकडून फॉर्म परत मागवला. सातव्या रकान्यातलं 'नाही' खोडलं. वर लिहिलं — हो. अकरा वर्षे.