मुद्दा येतो आणि कार्ड संपतं

ला पाल्मा, एल साल्वादोर
२ एप्रिल २००८

चि. नोएमी हीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास असं वाटून मी दोन दिवस धुमसत होते. मग मावशी म्हणाली, तिच्या लेकाचं फोनचं कार्डही असंच मध्येच संपतं. आता मावशीची, शेजाऱ्यांची, गाभण गायीची ख्यालीखुशाली न सांगता एकदम मुद्द्यावर यायला आपण काय वसुलीवाले आहोत? मुद्दा शेवटी असतो, आणि तिथेच फोन मरतो.

तर मुद्दा असा. बाबांच्या घशात गाठ आहे. पाच मे रोजी ऑपरेशन. त्यानंतर त्यांना बोलता येणार नाही. त्याआधी तुझ्याशी बोलायचंय म्हणतात. जन्मभर फोनला हात न लावणारा माणूस! कागदपत्रांवाचून इकडे आलीस तर तुला परत जाता यायचं नाही, ते मला ठाऊक आहे. फोन मात्र कर.

रागावले तरी तुझीच,
आई

लँगली पार्क, मेरीलँड
२५ मे २००८

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

ऑपरेशन पार पडल्याचं मावशीकडून कळलं, जीव भांड्यात पडला. पण आदल्या दिवशीची ती सल काही जात नाही. कार्डावर दोनशे मिनिटं छापलेली. बाबांनीही गायीपासूनच सुरुवात केली. मग खाकरून म्हणाले, नोएमी, एक सांगायचं होतं. आणि फोन गेला. बारा मिनिटांत! दुकानदार म्हणाला, मागे वाचा. मागे मुंगीएवढी अक्षरं: फोन जोडल्याचे पैसे वेगळे, ठेवल्याचे वेगळे, कार्ड नुसतं पडून राहिलं तरी आठवड्याचे वेगळे. दुसरं कार्ड आणेपर्यंत तुम्ही इस्पितळाकडे निघाला होतात.

परवा इथल्या विधिमंडळात या कार्डांवर सुनावणी होती. ऑफिसं झाडून तशीच गेले. प्रत्येकाला दोनच मिनिटं. माफ कर, मी कुणाची ख्यालीखुशाली विचारली नाही. एवढंच सांगितलं, की माझ्या बाबांचं शेवटचं वाक्य तुमच्या बारीक अक्षरांनी खाल्लं. आता सगळे आकार कार्डाच्या तोंडावर ठळक छापायचा नियम होणार म्हणे. होईल तेव्हा होईल. मी थकलेय, आई. बाबांना विचारशील, काय सांगायचं होतं?

माया असू दे,
नोएमी

ला पाल्मा
१८ जून २००८

चि. नोएमी हीस आशीर्वाद.

या वेळी मुद्दा आधी. बाबांना विचारलं. त्यांनी पाटीवर लिहून दिलं: आता फोन ठेव पोरी, तुझे पैसे जातायत.

मी कपाळावर हात मारला, आणि मग रडले. तू त्यांचं ऐकू नकोस. रविवारी फोन कर, आणि या खेपेला तूच बोल. गाय व्याली, कालवड झाली. बाबांनी आजच खुर्ची फोनपाशी ओढून ठेवली आहे.

वाट पाहणारी,
आई