गाडी भंगारात जाणार नाही

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे ठीक आहे. आईचा खोकला गेला, डोळ्यांत थेंबही वेळेवर घालते. वहिनीने पाठवलेली शाल तिला इतकी आवडली आहे की मला हात लावू देत नाही.

तुझा निरोप पोचला. "रविवारी आईला न्यायला येतो. तिची बॅग भरून ठेव, आणि ते डबडं भंगारात देऊन टाक." वा! आई आणि गाडी, दोघींचा निकाल एका दमात लावलास. लहानपणापासून मला पुढारी म्हणून चिडवतोस ना? मग पुढाऱ्यासारखंच उत्तर घे. नाही देणार.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानेही तुझ्यासारखाच निकाल दिला होता. बॉनेट उघडलं न उघडलं तोच म्हणाला, "ताई, इंजिन बसलं. विकून टाका." मी विचारलं, "कशावरून?" तर म्हणे, "अनुभव." मला या शब्दाची चीड आहे. ज्यांना कारण देता येत नाही ते अनुभव सांगतात, आणि आपण माना डोलावतो. मी नाही डोलावली. घरी आणून गाडीचं पुस्तक वाचलं. इंजिन चालू केलं, काटा लाल पट्ट्याकडे निघाला, आणि रेडिएटरची नळी मात्र हाताला गार. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. मधे थर्मोस्टॅट नावाची मुठीत मावेल एवढी झडप असते. इंजिन गार असताना ती बंद राहते, तापलं की उघडून पाण्याला वाट देते. आमची बंदच राहिली होती. एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खी गाडी भंगारात!

नवी आणली. इंजिन पार गार होऊ दिलं, रेडिएटरचं पाणी कपड्यांच्या टबात काढलं. झडपेवरच्या झाकणाला दोन बोल्ट. एक मुकाट्याने निघाला, दुसऱ्याने माझ्या बोटांची सालं काढली. जुनी आणि नवी अशा दोन्ही झडपा दूध तापवायच्या पातेल्यात उकळल्या. नवी हळूहळू उघडली, जुनी ढिम्म. आई म्हणाली, "आता हे पातेलं गाडीलाच वाहून टाक. माझं दूध यात तापवायचं नाही."

मी झडप बसवत होते तेवढ्यात समोरचे पेन्शनर काका कुंपणापाशी आले. "हे बायकांचं काम आहे का? उगाच हात मोडून घ्याल."

आता तूच सांग, मी गप्प बसणार होते? हातात पाना, आणि मी सुरू झाले. बायकांचं काम कोणतं हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, आणि ठरवताना बायका कुठे होत्या, सगळं काढलं. काका मागे सरकत सरकत त्यांच्या दारात जाऊन पोचले. बोलता बोलता मी झाकण लावलं, बोल्ट आवळले, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. आणि झाकणाच्या चारी बाजूंनी पाणी!

रबरी रिंग बसवायचीच राहिली होती. हरवू नये म्हणून आईने ती चार बोटांत अडकवून ठेवली होती, बांगडी मापावी तशी.

"अगं, सांगायचं नाही का?"

"तुझं भाषण संपायची वाट बघत होते," आई म्हणाली.

पुन्हा सगळं उघडलं, रिंग बसवली, पाणी भरलं, हवा काढली. संध्याकाळी गाडी गावाबाहेर टेकडीपर्यंत नेऊन आणली. काटा मधोमध, हलला नाही. गॅरेजवाल्याच्या दारासमोरून मुद्दाम दोनदा गेले.

इथेच सही करून मोकळी होणार होते. पण आई शेजारी बसली आहे आणि "सगळं लिहिलंस का?" असं दोनदा विचारून झालंय.

तर लिहिते. गाडी रस्त्यात "थोडी तापली" असं मी तुला फोनवर म्हणाले. थोडी नाही. भर उन्हात पुलावर वाफ सोडून बंद पडली, आणि आई कठड्यावर बसून राहिली. एक माणूस थांबला होता. म्हणाला, "झेपत नाही तर गाड्या कशाला काढता? चला, सोडतो." मी त्याला हाकलून दिलं. हाकलल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. आईला न विचारता हाकललं, याचं वाटतं. तिचे ओठ सुकले होते.

काल रिंग हातात देताना ती म्हणाली, "मला थोरल्याकडे जायचंय."

मी म्हटलं, "तो म्हणतो म्हणून?"

"नाही, मी म्हणते म्हणून. तुझ्याबरोबर राहणं म्हणजे रोज मोर्चा. तू बरोबरच असतेस गं, पण माझे पाय दुखतात."

दादा, मी रिंग घेतली आणि पुन्हा बोल्ट सोडवायला लागले.

तेव्हा रविवारी तू येऊ नकोस. आम्ही येतोय. तिला कोणी नेत नाहीये, ती स्वतःच्या मनाने येतेय, आणि माझ्या गाडीतून, पुढच्या सीटवर बसून येतेय. तुझ्याकडे तिला करमलं नाही तर तिने मला फोन करायचा. त्याला तुझी परवानगी लागता कामा नये. निरोप आला त्याच दिवशी मी दारात हजर. मी हरले असं मनात जरी आणलंस तरी उंबऱ्यावरच भांडण सुरू करीन.

तिची खोली मी आवरणार नाही. पलंग खिडकीपाशी आहे तिथेच राहील. कोणी विचारलंच तर सांगेन, खोली मला भाषणाच्या सरावाला लागते. खरं काय ते तुला सांगितलंय, तेवढं पुरे.

अजून पाना न सोडलेली,
तुझी बहीण