घड्याळाला लागलेला तुझा हात

प्रिय देवराव,

तुला जाऊन दोन महिने झाले. रडून झालं, आता भांडायला बसलोय. टपरीवर चहा पिता पिता भांडलो असतो, पण तू ती सोय ठेवली नाहीस.

शाळेची घंटा मागं पडली. मोठ्या बाईंचा फोन आला, "मिस्त्रीकाका, मधली सुट्टी अकरा मिनिटं उशिरा होऊन राह्यली. पोरं आधीच डबे उघडून बसतात." मला खरंच वाटेना. ती चूक मी वर्षापूर्वीच काढली होती ना?

शाळेचा शिपाई म्हणून दर तासाला घंटेकडे धावून धावून तुझे गुडघे गेले, म्हणून मी घंटा आपोआप वाजवणारा तो प्रोग्राम लिहिला होता. पुढं जुना कॉम्प्युटर मेला आणि नव्यावर तो प्रोग्राम चालेना, तेव्हा नव्याच्या पोटात सॉफ्टवेअरचा एक खोटा जुना कॉम्प्युटर बसवला. खऱ्या यंत्रात वेळेचे ठोके देणारी चिप असते; इथं तिचं नुसतं सोंग. नवा कॉम्प्युटर कामात गुंतला, की सोंगाचे ठोके हुकायचे आणि घड्याळ मागं पडायचं. मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. पुस्तकं चाळत ते सोंग उघडलं आणि हुकलेले ठोके भरून दिले. मग महिनाभर तुला रोज विचारलं, "काय देवराव?" तू चहा फुंकत म्हणायचास, "काट्यावर काटा हाय, मिस्त्री. झोप आता."

त्या भरवशावर मी दुरुस्ती त्या खोट्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पाठवली. सेलूच्या शाळेत महिनाभर तपासली, असं लिहून. त्यांनी ती घेतलीही.

घंटा तू गेल्यापासूनच बिघडली, हे लक्षात आल्यावर वैनीकडे गेलो. विचारलं, "रिटायर होऊनही देवराव रोज शाळेत काऊन जायचा?" त्या खाली बघत म्हणाल्या, "घड्याळ पुढं कराले जात, भाऊजी. म्हणत, मिस्त्रीले सांगू नोको, त्याचं मन मोडन."

कुठली बटणं दाबायची, तेही मीच तुला शिकवलेलं.

माझं मन इतकं काचेचं वाटलं तुला? जन्मभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या मी. एकदा म्हणायचंस, "नाई जमलं बे." तुझ्याकडून ऐकलं असतं. लहान पोराला पत्त्यांत जिंकू द्यावं, तसं जिंकू दिलंस मला. आणि तिकडं कुणाकुणाची घड्याळं माझ्या नावावर मागं पडत राहिली असतील.

चूक सापडली. पंगतीत वाढपी घाईनं एका पोळीवर दुसरी टाकतो, दोन्ही चिकटतात आणि जेवणारा एकच समजून उचलतो. मी भरून दिलेले ठोके तसेच चिकटत होते. आता पहिला घेतल्याशिवाय दुसरा वाढला जात नाही. आज नववा दिवस, घंटा वेळेवर आहे.

त्या लोकांना कळवलं: आधीची दुरुस्ती चुकीची होती, मी दिलेला पुरावा म्हणजे माझ्या मित्राचा हात होता.

राग गेलेला नाही. पण सकाळी तुझ्या वेळेला आता मी शाळेत जातो. वचन देतो, नुसतं बघीन, हात लावणार नाही. मागं पडलं, तर बाईंना मागं पडलं असंच सांगीन. आणि काट्यावर काटा असला, तर टपरीवर तुझ्या जागी बसून तुझंच वाक्य म्हणीन. या वेळी ते खरं असेल.

तुझ्यावर रुसलेला,
मिस्त्री