बर्नीसच्या खिशातला फेनर

मी, लायनेल ड्वोर्चाक, वय ८१, रेल्वे कारखान्यातला निवृत्त फिटर, राहणार अल्टूना, पेनसिल्व्हेनिया, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे कामातून गेले आहेत, पण या कामाला डोकं लागतं आणि ते ठिकाणावर आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात केलं होतं.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी बर्नीसच्या देखभालीसाठी राहील. व्यवस्था मुलगी मार्लीनने पाहावी. बर्नीस आहे तोवर घर विकू नये. मार्लीन, तू म्हणालीस, "पप्पा, आईला आता घर काय नि वृद्धाश्रम काय, सारखंच." सारखं नाही. न्हाणीघर कुठे आहे, हे तिच्या पायांना अजून ठाऊक आहे.

२. हत्यारं शेजारच्या ऑरी पालुम्बोला. शिडीचा उल्लेख करत नाही. ती एकोणीस वर्षं त्याच्याकडेच आहे.

३. बेसबॉल खेळाडूंची एकशे चौऱ्याऐंशी कार्डं, शंभर वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली, मित्र गस हॅबर्लीला द्यावीत. त्याने ती विकू नयेत. तो विकेल.

४. एकशे पंच्याऐंशीवं कार्ड, पिचर म्हणजे चेंडू फेकणाऱ्या डच फेनरचं, गसला मिळणार नाही. त्यावर त्याचा तीस वर्षं डोळा आहे. ते बर्नीसच्या गाऊनच्या खिशात असतं. दोन वर्षांपासून ती फेनरलाच आपला नवरा समजते. मी आरामखुर्चीत बसलो की म्हणते, "बसा हो, पण त्या खुर्चीत नको. आमचे हे आले की चिडतील." मग कार्ड काढून दाखवते, "हे बघा, हे आमचे हे." ते पाहून गस कळवळला. "अरे लायनेल, कोपरे बघ! कुत्र्याने चघळल्यासारखे झालेत. वहिनींना दुसरं काहीतरी दे की!"

दिलं. पुढच्या बाजूची हुबेहूब नक्कल छापून तिच्या खिशात ठेवली आणि खरं कार्ड कपाटात लपवलं. तिने नक्कल उलटी करून पाहिली. मागे सिगारेटची जाहिरात नव्हती. "हे आमचे नव्हेत," म्हणाली, आणि तीन दिवस दारात उभी राहून रडली. पन्नास वर्षं माझ्याशेजारी बसून तिने कार्डं लावली. आधी मागची बाजू बघायची, हे मीच तिला शिकवलं. माझा चेहरा विसरली, ते नाही विसरली. मी खरं कार्ड परत दिलं. दुसरं काय करणार होतो? मला फेनरचा हेवा वाटतो, हेही इथे नोंदवतो.

त्याचा लगदा झाला तरी ते तिच्याकडून कुणी घेऊ नये. गाऊन धुण्याआधी खिसा तपासावा.

५. माझं दफन साधेपणाने करावं. मी गेल्याचं बर्नीसला सांगू नये. तिच्या लेखी तिचा नवरा जिवंत आहे. पण कधी तिने आपणहून विचारलं, "तो म्हातारा हल्ली येत नाही का गं?" तर मार्लीन, तिला काहीही सांग. फक्त त्या दिवशी माझ्या थडग्यापाशी ये आणि तिने विचारलं, एवढं मला सांगून जा.

सही: लायनेल ड्वोर्चाक

हा मजकूर लायनेल यांनी आम्हाला वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. आम्हा दोघांना यातलं काहीही मिळायचं नाही.

साक्षीदार: मर्ना शिफलेट, ग्रंथपाल
साक्षीदार: क्लेटन युरिक, औषधविक्रेता

अल्टूना, १४ मार्च २०१२